आमच्या फाउंड्रीला गिऱ्हाईक शोधून देणारा एआय : नऊ महिने वापरल्यानंतर

पहिल्या महिन्यात या सेवेने पाठवलेली एक चौकशी अजून आमच्या घरात निघते. पाच फूट उंचीचा घोडा, बिडात ओतून हवा, नग एक. खाली सेवेचा शेरा : 'जुळणी ९१ टक्के'. आबांनी चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला आणि म्हणाले, "उरलेलं नऊ टक्के शेपूट असंल."

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. ५०० किलोची इंडक्शन भट्टी, ग्रे आयर्न (साधं बीड) आणि एसजी आयर्न (मॅग्नेशियम टाकून केलेलं, कमी ठिसूळ बीड), २ ते ३५ किलोचे नग. पंप, व्हॉल्व्ह, शेतीची अवजारं यांचे भाग. शॉप फ्लोअर दादा बघतो, हिशेब आणि मार्केटिंग माझ्याकडे, आणि शेवटचा शब्द आबांचा. गिऱ्हाईक आजवर ओळखीतूनच आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतला कुणी कुणाला सांगायचा, त्यातून फोन यायचा. पण निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं आणि मागच्या वर्षी त्यांनी शेड्यूल जवळजवळ अर्ध्यावर आणलं, तेव्हा हातपाय हलवणं भाग पडलं.

सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा सेवा आता बऱ्याच निघाल्यात आणि माझं म्हणणं कुठल्या एकीपुरतं नाही. काम साधारण असं चालतं : आपण आपल्या कारखान्याची माहिती भरायची, खरेदीदार त्याच्या बाजूने ड्रॉइंग आणि गरज टाकतो, आणि मधला एआय दोघांची गाठ घालून देतो. शिवाय आपल्या वेबसाइटवर यंत्राला वाचता येईल असं एक पान ते बनवून देतात, म्हणजे एखादा खरेदीदार चॅटबॉटला 'अमुक कास्टिंग कोण करतं' असं विचारेल तेव्हा आपलं नाव पुढे यावं. दर महिन्याला पैसे. पहिले दोन महिने मला ते पैसे पाण्यात गेल्यासारखेच वाटले.

पहिल्या महिन्यात ४१ चौकश्या आल्या. घोडा, गटाराची झाकणं, ॲल्युमिनियमचे हाउसिंग, स्टेनलेस स्टीलचे इंपेलर, आणि एक मनुष्य तर व्यायामाची वजनं हवीत म्हणून. मी सेवेच्या माणसाला फोनवर बरंच सुनावलं. त्याने शांतपणे आमचाच फॉर्म मला वाचून दाखवला. 'सर्व प्रकारची कास्टिंग्ज, सर्व आकार, ग्राहकाच्या गरजेनुसार.' हे वाक्य मीच आमच्या जुन्या ब्रोशरमधून उचललेलं. शिरोलीतल्या कुठल्याही फाउंड्रीचं ब्रोशर उघडा, हेच असतं. माणूस ते वाचतो आणि मनातल्या मनात सोडून देतो, लग्नपत्रिकेतल्या 'चि.सौ.कां.'कडे कोण थांबून बघतं तसं. यंत्र मात्र शब्दाला धरून बसतं. आम्ही सर्व प्रकार म्हटलं, त्याने घोडा आणला.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी आबांसमोर बसले. गेल्या काही वर्षांत त्यांनी ज्यांना 'नको' म्हटलं होतं त्यातली वीसेक ड्रॉइंग काढली आणि एकेक पुढे सरकवत विचारलं, हे का नको म्हणालात? आबा ड्रॉइंगकडे दहा सेकंद बघतात आणि सांगतात. आजवर आम्ही कुणी ते लिहून घेतलं नव्हतं.

"ह्याचा कोअर बघ. लांब, बारीक, आणि टेकायला एकच कोअर प्रिंट. लोखंड आत आलं की उचलणार तो." कोअर म्हणजे नगाच्या आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा तुकडा, आणि कोअर प्रिंट म्हणजे तो टेकायची खाच. वितळलेल्या धातूत तो तरंगतो, जागा सोडतो, आणि एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ होते. दुसरं ड्रॉइंग : भिंत साडेतीन मिलिमीटर. "आपल्यात पाचच्या खाली न्हाई. धातू टोकापर्यंत जायच्या आत गार होतंय." तिसरं एसजीचं, दोन किलोचा नग, महिन्याला वीस. "चाळीस किलोसाठी हीट लावू व्हय?" हीट म्हणजे भट्टीत एकदा धातू वितळवणं. एसजीमध्ये मॅग्नेशियम टाकल्यावर ते मिनिटागणिक उडत जातं, आठ-दहा मिनिटांत लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, रिकामी करावी लागते. थोडं थोडं ओतत बसण्याची सोय त्यात नाही. चौथं ड्रॉइंग मला स्वतःला चांगलं वाटलं होतं. आबांनी पट्टी लावून दाखवलं, आमच्या साच्याच्या ६०० बाय ६०० च्या बॉक्समध्ये ते बसतं खरं, पण रायझरला, म्हणजे गार होताना आकसणाऱ्या नगाला धातू पुरवणाऱ्या साठ्याला, जागाच उरत नाही.

दुपारपर्यंत दोन पानं भरली. आम्ही काय करत नाही, त्याची. वजन ३५ किलोच्या वर नाही, भिंत ५ मिलिमीटरच्या खाली नाही, एसजीमध्ये एका लॉटला ५०० किलोच्या आत नाही, फायनल मशीनिंग आमच्याकडे नाही. आणि आयएटीएफ १६९४९, म्हणजे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, नाही. हे शेवटचं लिहायला दादाचा विरोध होता. आमच्याकडे आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, पण गाड्यांच्या कंपन्यांना थेट माल द्यायचा तर बहुतेक ठिकाणी आयएटीएफ मागतातच. दादाचं म्हणणं, "आधी बोलणं तर होऊ दे, मग बघू." मी म्हटलं, आजवर अशी किती बोलणी झाली आणि त्यातून काय आलं ते सांग. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं.

आबा चहा पिता पिता म्हणाले, "आपल्याला काय येत न्हाई ते जगाला सांगायला महिन्याला पैसे भराय लागलीस, पोरी?"

दुसरी भानगड नावांची. एकाच मालाला किती नावं असावीत! कोल्हापुरात बीड, राजकोटचा माणूस सीआय म्हणतो, कागदावर ग्रे आयर्न. एसजीला कुणी डक्टाइल म्हणतं, कुणी नोड्युलर. ग्रेडचं तर विचारूच नका. आमच्या सर्टिफिकेटवर आयएस १८६५ प्रमाणे एसजी ५००/७, युरोपातल्या ड्रॉइंगवर ईएन-जीजेएस-५००-७, आणि जुन्या जर्मन ड्रॉइंगवर जीजीजी ५०. तिन्ही व्यवहारात एकच. ग्रे आयर्नचं तसंच, आमचं आयएस २१० प्रमाणे एफजी २६०, तर तिकडचा जवळचा ग्रेड ईएन-जीजेएल-२५०. मला वाटलं होतं एआयला एवढं कळत असेल. कधी कळतं, कधी नाही. मी सगळी नावं शेजारी शेजारी लिहिली, सोबत एचएसएन ७३२५ हा मालाचा कोड टाकला, आणि त्यानंतर पहिल्यांदा युरोपला माल पाठवणाऱ्या एका व्हॉल्व्हवाल्याची चौकशी आली. ड्रॉइंगवर जीजीजी ५० होतं.

फॉर्म बदलल्यावर चौकश्या महिन्याला चाळीसवरून सहा-सातवर आल्या. लगेच सेवेच्या ऑफिसातून फोन : "मॅडम, तुमचा व्हिजिबिलिटी स्कोअर घसरलाय, काही अटी काढून टाका." डॅशबोर्डवर लाल बाण. इथे मला त्यांचा खरा हिशेब कळला. त्यांची कमाई चौकशीच्या आकड्यावर उभी आहे, आमची ऑर्डरवर. त्या सहा-सातांपैकी चारांना तरी आम्ही कोटेशन देऊ शकत होतो. आधीच्या चाळीसमध्ये दोन. पण हे त्यांच्या डॅशबोर्डवर दाखवायला रकानाच नाही, ते मी माझ्या एक्सेलमध्ये ठेवते.

नऊ महिन्यांत ऑर्डर तीन. एक छोटी, चालू आहे. एक सँपलनंतर बारगळली, दर जमला नाही. तिसरी मात्र धरली : इंदूरकडचा पंप बनवणारा, १४ किलोचं केसिंग, एफजी २६०. त्याचा पहिला फोन मला आठवतो, कारण नेहमीचे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. बॉक्स किती, भट्टी किती, वजन किती, हे सगळं त्याला माहीत होतं. तो थेट हायड्रो टेस्टवर, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली नग पाझरतो का त्या चाचणीवर, आला. सँपलचे पाच नग गेले, त्यातले दोन टेस्टला फ्लँजच्या मुळाशी पाझरले. जाड फ्लँज आणि पातळ भिंत जिथे मिळते तिथे आतून पोकळी राहत होती. दादाने रायझर सरकवला, तिथे चिल (धातू लवकर गार करणारा तुकडा) बसवला, पुढचे पाच कोरडे निघाले. यात एआयचा काही हात नाही. पण त्या माणसापर्यंत आम्ही उद्यमनगरातल्या ओळखीने कधी पोचलो नसतो, हेही तितकंच खरं.

आता तक्रारी.

सेवेमध्ये एक आपोआप उत्तर देणारा एजंट आहे. खरेदीदाराने रात्री अकराला विचारलं तरी तो आमच्या नावाने लगेच बोलतो. ऐकायला छान वाटतं. चौथ्या महिन्यात त्याने एकाला परस्पर सांगून टाकलं की मशीनिंगसकट माल तीन आठवड्यांत मिळेल. आमचं नुसतं पॅटर्नच, म्हणजे साचा पाडायचा नमुनाच, तीन-चार आठवडे घेतं, त्यानंतर सँपल. आमच्या माहितीत कुठेतरी 'बाहेरून मशीनिंग करून देऊ शकतो' असं लिहिलेलं होतं, त्यावरून त्याने पुढचं रचलं. मला त्या गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली. त्या दिवसापासून एजंटला दर, मुदत आणि 'हो' हे तीन शब्द बंद आहेत. तो फक्त माहिती घेतो आणि 'उद्या सकाळी फोन येईल' म्हणतो. तेवढ्यावर तो उत्तम आहे.

आमचं पानही त्यांच्या एआयने लिहिलं होतं. त्यात आम्ही 'जागतिक दर्जाचे आघाडीचे निर्यातदार' झालो होतो. आम्ही आजवर एक नगही थेट निर्यात केलेला नाही. मी ते पान पुसून स्वतः लिहिलं.

त्यांना दोन वर्षांची बिलं हवी होती, 'एआय शिकेल' म्हणून. दिली नाहीत. बिलावर गिऱ्हाइकाचं नाव असतं, दर असतो, आणि काही ड्रॉइंगांवर आम्ही गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्यात. वजन, ग्रेड, महिन्याचे नग आणि रिजेक्शन एवढं एक्सेलमध्ये काढून दिलं, नावं गाळून. त्यावर त्यांचं काम अडलं नाही, म्हणजे बिलांची गरज नव्हतीच.

एक चूक आमच्याच पदरची. पाचव्या महिन्यात मी दोन-तीन चॅटबॉटना विचारून बघितलं, शिरोलीत ३० किलोपर्यंत एसजी कास्टिंग कोण करतं? आमचं नाव कुठेच नाही. भाच्याने वेबसाइट तपासली तेव्हा कळलं की साइट बनवणाऱ्याने ती तयार होत असताना रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये साइट वाचत फिरणाऱ्या सगळ्या बॉटना मज्जाव केला होता आणि नंतर ते काढायचं राहून गेलं. ओपनएआयचा जीपीटीबॉट असो की आणखी कुणाचा, ही फाइल मानणारे बॉट दारातूनच परत जात होते. वर आमचं ब्रोशर म्हणजे स्कॅन केलेला फोटो, त्यातलं एक अक्षर उचलता येत नाही. दोन्ही दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागली. त्याबरोबर स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक रकान्यांत, माहिती टाकली. ही पद्धत गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून २०११ मध्ये सुरू केली, नवीन काही नाही. २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलेली, एआयला साइटचा सारांश देणारी एलएलएमएस डॉट टीएक्सटी फाइल सेवावाले वेगळे पैसे घेऊन बनवून देतात. मी ती घरीच केली. तिने फरक पडलेला मला तरी दिसला नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आणि सगळ्यात मोठी उणीव पैशाची. एआय गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जुळवतो, त्याची दानत जुळवत नाही. चालू असलेल्या त्या छोट्या ऑर्डरचं पहिलं बिल ११० दिवसांनी मिळालं. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा म्हणतो, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. पण पहिल्याच गिऱ्हाइकावर कोण कायदा काढतं? सेवेने त्याला पाच तारे दिले होते. बिल अडकल्यावर आबांनी ओळखीच्या एका पॅटर्नवाल्याला फोन लावला, दोन मिनिटं बोलले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, "त्यो सगळ्यांचंच अडकवतोय. आधी विचारायचं हुतंस." आता कोटेशन देण्याआधी तो फोन होतो.

वर्षाचं नूतनीकरण करा म्हणून मागे लागले होते, मी सहा महिन्यांचंच केलं, एजंटचा जादा भाग काढून. ज्यांचा माल एका ठरावीक चौकटीतला आहे आणि ती चौकट कागदावर मांडायला घरात कुणी तयार आहे, त्यांनी घेऊन बघायला हरकत नाही. जॉब वर्कवर चालणाऱ्या, आज हे उद्या ते करणाऱ्या वर्कशॉपला याचा कितपत उपयोग होईल याबद्दल मला शंका आहे.

आयएटीएफची ओळ काढून टाकायची का, यावर दादाचं आणि माझं अजून एकमत नाही. परवा त्याने ती गुपचूप काढली होती. दोन दिवसांत ब्रेक ड्रमच्या तीन चौकश्या आल्या, तिन्हींची पहिली अट आयएटीएफ. ओळ परत घातली आहे, पासवर्ड बदलला आहे.