पायथन ट्यूटर: लिंक्ड लिस्ट उलटताना बाण डोळ्यांसमोर

एकेरी लिंक्ड लिस्ट (जिच्यात प्रत्येक नोड, म्हणजे कप्पा, फक्त पुढच्या नोडकडे बाण दाखवतो अशी यादी) जागच्या जागी, म्हणजे नवी यादी न बनवता, उलटणं शिकायचं असेल, तर कोड ओळीओळीने चालवून त्याचं चित्र दाखवणारं पायथन ट्यूटर हे मोफत साधन मनापासून सुचवावंसं वाटतं. फिलिप गुओ यांनी ते 2010 मध्ये सुरू केलं. तीनच नोड घ्या. सुरुवातीला चालू नोड म्हणजे हेड (यादीतला पहिला नोड), मागचा म्हणजे नन (None, म्हणजे काहीच नाही). प्रत्येक फेरीत आधी पुढचा नोड जपून ठेवायचा, मग चालूचा बाण मागच्याकडे वळवायचा, मग दोघांना एकेक घर पुढे सरकवायचं. कोडशेजारचा हिरवा बाण नुकतीच चाललेली ओळ दाखवतो, लाल बाण पुढची.

खरी किंमत चुकीच्या कोडमध्ये कळते. पुढचा नोड जपला नाही, तर पहिल्याच फेरीनंतर लूप थांबतो आणि उरलेल्या साखळीकडे जायला वाटच उरत नाही. शेवटी ‘मागचा’ऐवजी जुना हेड परत केला, तर हाती एकच नोड येतो, कारण तो आता शेपूट झालेला असतो. मागे जायचं बटणही आहे, तेच सर्वांत उपयोगी.

रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं त्या पद्धतीने) उलटून पाहा: चित्राच्या डावीकडे नोडागणिक एक फ्रेम (फंक्शनच्या एका हाकेची चौकट) चढते, म्हणजे जादा जागा लागतेच.

उणीव: लांब यादीत चित्राचा गुंता होतो, आणि पायऱ्यांना मर्यादा आहे.