खोबरेल, सरसों, व्हॅसलिन की महागडं क्रीम? ग्वाल्हेरच्या हवेत इसबाच्या कातडीला काय लावायचं

डिसेंबर उजाडला की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात, न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेलाची बाटली दगड होते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि इथला पहाटेचा पारा त्याच्या किती तरी खाली. मग आधी गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची, ती पातळ होईतो कुडकुडत थांबायचं आणि मग अंगाला लावायचं. सासूबाई तर चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढायच्या. शेजारच्या चाची हे बघून दर हिवाळ्यात न चुकता म्हणतात, "अरे, सरसों का लगाओ, कभी नहीं जमता."

जमत नाही हे खरं. पण लावावं का?

हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी गंभीर झाला. मुलगा ठाण्याहून इकडे परत आला, सोबत सहा वर्षांची नात. ठाण्याच्या दमट हवेत तिच्या कोपराच्या लवणीत जेमतेम दिसणारा लालसर चट्टा इथल्या पहिल्याच जानेवारीत दोन्ही कोपरं, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मानेपर्यंत गेला. रात्री खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. माझ्या स्वतःच्या हातांना भांड्यांच्या साबणानं वीस वर्षांपासून इसब आहे, म्हणून घरात मीच तज्ज्ञ ठरले. तज्ज्ञ कसली, मी तोवर जे हाताशी येईल ते फासत होते. नातीच्या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचलं, डॉक्टरांना नीट विचारलं आणि एकेक वस्तू आळीपाळीनं लावून बघितली. इथे बदली होऊन आलेली मराठी घरं हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खुंटा हलवून घ्या. अंगावर उठलेलं प्रत्येक खाजरं इसब नसतं. कडा उठावदार, मधला भाग मोकळा आणि दिवसेंदिवस मोठं होत जाणारं गोल वर्तुळ असेल तर तो नायटा असू शकतो. तो बुरशीचा, त्याचं औषध वेगळं. घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटली, तीही रात्री आणि बोटांच्या बेचक्यांत, तर खरजेची शंका घ्या. एकदा डॉक्टरांना दाखवा. इथल्या जयारोग्य रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत रांग लांब असते, पण निदान होतं. खालचं सगळं "हे इसबच आहे" असं कळल्यानंतरचं.

तेलांचं भांडण

त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा समजा. पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे चुना. इसबाच्या कातडीत हा चुनाच कमी भरलेला असतो. ही भिंत घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. सगळ्यांचं कारण तेच नसतं, पण भिंतीला फटी असतात हे सगळ्यांत समान. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं जे टोचेल ते आत शिरतं. ग्वाल्हेरात हिवाळ्यात धुकं असतं, मग हवा कोरडी कशी, असं मला वाटायचं. थंड हवेत पाणी मुळातच थोडं मावतं, आणि तीच हवा खोलीत आणून हीटरनं तापवली की ती शोषून घ्यायला बसलेलीच. एप्रिल-मेमधल्या लूबद्दल, त्या तापलेल्या कोरड्या वाऱ्याबद्दल, तर बोलायलाच नको.

आता सरसोंचं. मुरैना इथून तासाभरावर, सगळा पट्टाच मोहरीचा, तेव्हा या तेलाविरुद्ध बोलणं म्हणजे गल्लीत वैर घेणं. तरी सांगते. मोहरीच्या तेलाचा जो झणका नाकात जातो तो ॲलिल आयसोथायोसायनेट या द्रव्याचा, आणि ते द्रव्य त्वचेला चुरचुरवणारं आहे. चाची ज्याला "गरमाहट" म्हणतात ती ऊब म्हणजे बऱ्याच अंशी हीच चुरचुर. धडधाकट कातडीला ती चालते, उन्हात बसून मालिश करून घ्यायला कुणाला आवडत नाही! पण भेगा पडलेल्या, खाजवून सोललेल्या कोपरावर हे तेल लावणं म्हणजे जखमेवर तिखट. मी एकदा लावलं. नातीनं घर डोक्यावर घेतलं. यापुढे आमच्याकडे ते लोणच्यात आणि भरल्या वांग्यात.

ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असणार असा एक समज आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १९ मोठ्या माणसांच्या हातांवर ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचं तेल काही आठवडे लावून बघितलं. ऑलिव्हनं भिंत आणखी कमकुवत केली, सूर्यफुलानं केली नाही. माणसं थोडी आहेत, मान्य, पण एवढ्यावरून मी ऑलिव्हची बाटली आणणं थांबवलं. सूर्यफूल स्वयंपाकघरात असतंच, अडीनडीला लावायला हरकत नाही.

खोबरेलाची बाजू या सगळ्यांत बरीच भक्कम. फिलिपीन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. त्यात व्हर्जिन खोबरेल हे खनिज तेलापेक्षा (मिनरल ऑइल, बेबी ऑइलमध्ये असतं ते) सरस ठरलं. लक्षात घ्या, व्हर्जिन, म्हणजे ओल्या खोबऱ्यापासून काढलेलं. केसांना लावायचं सुवासिक तेल नव्हे; वास हा इसबाचा शत्रूच. खोबरेलाची खरी मर्यादा वेगळी आहे. ते तेल आहे, त्यात पाण्याचा थेंब नसतो. कोरड्या ठणठणीत अंगावर लावलं तर फक्त तुकतुकी येते. अंघोळ झाल्या झाल्या, अंग टिपून ओलसर असतानाच लावलं तर ते पाणी धरून ठेवतं. आणि मग ते गोठण्याचं नाटक आहेच. शाळेच्या सकाळी साडेसहाला बाटली वितळवत बसायला कुणाला वेळ आहे?

व्हॅसलिन की क्रीम

पाणी अडवून धरण्यात साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीच्या जवळपास कुणी येत नाही. त्यात सुगंध नाही, टिकवण्याची रसायनं नाहीत, म्हणून चुरचुरही क्वचित. शिवाय स्वस्त. इसबात "स्वस्त" हा लहान गुण नाही, कारण ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम (म्हणजे ओलावा टिकवायला अंगाला लावायचं काहीही, क्रीमसुद्धा) सांगितलं आहे. आठवड्याला! आपण महागडी १०० ग्रॅमची ट्यूब आणतो आणि महिनाभर पुरवतो, मग म्हणतो "काही फरक नाही पडला". मी तेच करत होते. मटाराएवढा ठिपका घेऊन अख्खा हात.

तोटे आहेत. चिकटपणा. युनिफॉर्मची बाही अंगाला चिकटते, पेन्सिल हातातून सटकते, चादरी तेलकट. आणि मार्च सरला की धूळ आणि घाम त्याच थरात अडकून खाज उलट वाढते, हा आमच्या घरचा अनुभव. एक धोका मात्र गैरसोयीच्या पलीकडचा आहे. मलमं मुरलेलं कापड ठिणगी पडली तर भराभर पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये हा इशारा सगळ्याच प्रकारच्या मलमांसाठी दिला, आणि नुसतं धुतल्यानं कपड्यातला अंश पुरता जात नाही हेही सांगितलं. ग्वाल्हेरात जानेवारीत अंगणात शेकोटी आणि खोलीत सिगडी असते. मलम लावलेलं लेकरू जुन्या स्वेटरात तिच्याजवळ बसवू नका.

क्रीममध्ये पाणी आणि चरबी दोन्ही असतात, सेरामाइड (त्वचेतलीच एक चरबी) असलेल्यांत तो कमी पडलेला चुनाच थोडाफार भरण्याचा प्रयत्न असतो. पटकन जिरतं, कपड्याला लागत नाही, दिवसा लावायला सोयीचं. पण पाणी आलं की टिकवण्याची द्रव्यंही आली, आणि सोललेल्या जागी ती झोंबू शकतात. युरिया असलेली क्रीमं माझ्या टाचांना छान, नातीच्या कोपराला आग. लेबलवर "बेबी" लिहिलंय आणि उघडताच पावडरीचा घमघमाट येतोय, असं असेल तर परत ठेवा.

मग यातलं कोणतं? माझा कल आधी सरळ क्रीमकडे होता, कारण ते सगळ्यांत महाग. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला आणि माझा गर्व उतरला. लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम, चार गट, सोळा आठवडे. इसब आटोक्यात ठेवण्यात चौघांत फरक निघाला नाही. आवडनिवड मात्र घराघरात वेगळी. म्हणजे डबा कोणता यापेक्षा तो रिकामा होतो की नाही हे बघायचं.

शंभर वेळा धुतलेलं तूप

हे मी हौसेनं केलं. तांब्याची परात, पाव किलो साजूक तूप, त्यावर थंड पाणी आणि तळव्यानं गोल गोल फेसणं. पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. वीस-पंचविसाव्या धुण्याला तुपाचा पिवळेपणा गेला, पन्नासाच्या पुढे वास गेला, शेवटी हातात लोण्यासारखा पांढराशुभ्र, थंडगार गोळा. आणि माझा खांदा कामातून गेला. लावायला अतिशय सुखद, यात शंका नाही. पण त्यात पाणी राहतं आणि टिकवणारं काही नसतं, म्हणून थोडंच करून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आठवड्याला पाव किलो असं कोण धुणार? ओठ आणि टाचा, बस्स. उघड्या, पाझरणाऱ्या जागेवर तर लावूच नका.

अंघोळ, आणि खाऱ्या पाण्याचा धसका

साध्या साबणाचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणून साबणाऐवजी सौम्य, बिनसाबणाची वडी किंवा द्रव, तोही फक्त काख, जांघा, पाय इथे. उटण्याची सुट्टी, कचोरा आणि वाळ्याची भरड इसबावर घासणं हे दिवाळीचं पुण्य नव्हे. पाणी कोमट, पाच-दहा मिनिटं. थंडीत वाफाळतं पाणी अंगावर घेताना खाज थांबल्यासारखी वाटते आणि तासाभरात दुप्पट परत येते, माझे हात साक्षीला आहेत.

आमच्याकडे तिघरा धरणाचं पाणी येतं, वरच्या मजल्यावर बोअरचं. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, म्हणून पाणी मऊ करणारं यंत्र घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. २०११ मधली इंग्लंडची चाचणी वाचली आणि पैसे वाचले: ३३६ मुलं, काहींच्या घरी यंत्र बसवलं, इसबात जास्तीचा फायदा काही नाही. अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या तेलांचंही २०१८ मध्ये ४८२ मुलांवर तेच निघालं. तो पैसा अंगावर लावायच्या मलमात घाला.

स्टेरॉईड: भीती की लाडकी ट्यूब

इसब भडकलं की वरच्या कुठल्याच डब्यानं ते विझत नाही. तिथे औषध लागतं. आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक, "स्टेरॉईड? नको गं बाई", आणि मूल महिनाभर रात्ररात्र खाजवतं. दुसरं, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली तीन-चार औषधांची मिसळ असलेली ट्यूब, जी घरातला प्रत्येकजण प्रत्येक गोष्टीला लावतो. मी दुसऱ्या टोकाची. तशाच एका ट्यूबनं माझ्या हातावरचा नायटा आधी नाहीसा झाल्यासारखा झाला आणि मग मनगटापर्यंत चढला. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉईडं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. मनाई कागदावर किती राहते ते आपल्याला ठाऊक आहेच.

डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉईड, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस, हे घाबरण्यासारखं नाही. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेऱ्याएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मलम आणि औषध एकदम फासायचं नाही, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची. चेहरा आणि पापण्यांसाठी पुष्कळदा टॅक्रोलिमस हे स्टेरॉईड नसलेलं औषध देतात. सुरुवातीला दोन-चार दिवस ते चरचरतं, तेवढ्यावर सोडू नका. पिवळी खपली, पू, किंवा तापासोबत एकसारख्या दुखऱ्या फोडांचा घोस दिसला तर मात्र घरातले सगळे डबे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.

तरीही ठरत नसेल तर आम्ही केलं ते करून बघा. दोन आठवडे नातीच्या डाव्या हाताला क्रीम, उजव्याला व्हॅसलिन, दिवसातून दोनदा, सढळ हातानं. कोपराच्या लवणीवरून रोज बोट फिरवायचं, खरखर लागते का बघायची. पंधराव्या दिवशी दोन्ही हात सारखेच मऊ लागले. मी विचारलं, आता कुठलं ठेवायचं? तिनं दोन्ही हात नाकाशी नेले, बाही ओढून बघितली आणि म्हणाली, "शाळेला डाव्याचं, झोपताना उजव्याचं. रात्री कोण बघतंय चिकट आहे ते."