११ वॅटचा अतिनील दिवा आणि क्वार्ट्झची नळी: दोन महिने वापरून

जूनमध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवरून हा संच घेतला. ११ वॅटचा यूव्ही-सी (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवा, त्याचा चोक आणि दिव्यावर घालायची, एका टोकाला बंद असलेली क्वार्ट्झची नळी. सगळं मिळून अठराशे रुपये. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकाशरसायन शिकवताना ‘प्रकाशाने रेणू तुटतो’ हे मी वर्षानुवर्षं फळ्यावरच सांगत आले. यंदा ते मुलांच्या डोळ्यांसमोर घडवायचं ठरवलं होतं.

आधी तक्रार. पहिल्या फेरीत दुकानदाराने क्वार्ट्झ म्हणून साधी काच हातात ठेवली. आम्ही ५०० मिली पाण्यात ०.०१ मोलर फॉर्मिक आम्ल केलं, त्यात १०० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड अडीच मिली घातलं, दिवा बुडवला. तासाभराने १० मिली काढून कॉस्टिक सोड्याशी टायट्रेशन केलं, म्हणजे उरलेलं आम्ल मारायला किती सोडा लागतो ते मोजलं, तर ब्युरेटचं रीडिंग जिथल्या तिथे. दोनदा तेच. शेवटी झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदाचा तुकडा दिव्यासमोर धरला. तो निळा-जांभळा उजळला, आणि मध्ये नळी आणली की मंद पडला. या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा किरण क्वार्ट्झमधून जातो, साध्या काचेतून जातच नाही. तुम्हीही हा कागद दुकानातच, अतिनील अडवणारा चष्मा लावून, क्षणभर धरून बघा. दुकानदाराने नळी कुरकुर न करता बदलून दिली, हेही सांगायला हवं.

बदललेल्या नळीने काम केलं. सुरुवातीला १०.० मिली लागणारा सोडा तासाभराने ५.३ मिलीवर आला. त्याच द्रावणात क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या फिशटँकच्या पंपाने हवा सोडली होती. वर येणारी हवा नळीने चुन्याच्या निवळीत नेली, तर ती पांढरी गढूळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघत होता. नुसत्या हवेने तेवढ्या वेळात गढूळ होत नाही, हे आधीच पाहून घेतलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली आणि निवळीच्या परीक्षानळीकडे बघत म्हणाली, “मॅडम, म्हणजे मुंगीच्या चाव्यातलं आम्ल आता या खडूसारख्या साक्यात आहे?” हो, त्यातला कार्बन तिथेच आहे.

मला या संचाचं सगळ्यात मोल वाटतं ते पुढच्या प्रयोगासाठी. पेरॉक्साइड न घालता तोच दिवा, तेच आम्ल, तोच एक तास. रीडिंग ९.९. मुलांनी हिशेब मांडला: २५४ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा ४७१ किलोज्यूल, आम्लातल्या कार्बन-हायड्रोजन बंधाला साधारण ४१० पुरतात. मग का तुटत नाही? कारण रेणूने तो प्रकाश आधी शोषायला हवा, आणि फॉर्मिक आम्ल २५४ला जवळजवळ काहीच शोषत नाही. त्याचं शोषण २५० नॅनोमीटरच्या खाली सुरू होतं. २२२ नॅनोमीटरचा किरण वायुरूप फॉर्मिक आम्लाचे थेट तुकडे करतो, त्यातून हायड्रॉक्सिल (OH) आणि फॉर्मिल (HCO) हे तुकडे सुटतात. आमच्या बीकरमध्ये प्रकाश झेलतं ते पेरॉक्साइड. त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध जेमतेम २१० किलोज्यूलचा. तो तुटून दोन हायड्रॉक्सिल मूलकं (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले, झटकन भिडणारे तुकडे) निघतात आणि ती आम्लाचा हायड्रोजन ओढून नेतात. ऊर्जा पुरेशी असणं आणि ती रेणूच्या पदरात पडणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे मी आजवर तोंडी सांगायचे, आता ९.९ आणि ५.३ शेजारी शेजारी लिहिते.

व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल मात्र निराश करतं. पेरॉक्साइड घालूनही तासाभरात ९.८. हायड्रॉक्सिल मूलक त्याच्याशी फारच सावकाश भिडतं. शिवाय ते तुटतानाही वाटेत ऑक्झॅलिकसारखी दुसरी आम्लं तयार होतात, त्यामुळे टायट्रेशनला ते तुटणं दिसतही नाही. त्यामुळे व्हिनेगरवर हा प्रयोग करू नका, मुलांचा विरस होतो.

घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये हाच किरण असतो. तो जंतूंच्या डीएनएवर काम करतो. पाण्यातली रसायनंही तो जाळून टाकतो असं समजणाऱ्यांना हा ९.९ दाखवावा.

काळजी घ्यायची ती अशी. कागदाची ती क्षणभराची तपासणी सोडली, तर दिवा उघडा पेटवायचा नाही. डोळे आणि कातडी भाजते, आणि ते काही तासांनी कळतं. आम्ही बोरोसिलिकेटच्या बीकरला बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळतो. पहिल्या नळीत ज्या गुणाने आम्हाला अडवलं, तोच काचेचा गुण इथे राखण करतो. दिव्यात पारा आहे, फुटला तर केराच्या डब्यात टाकू नका. ओझोनचा वास आला, तर तो दिवा १८५ नॅनोमीटरही सोडणारा आहे, खिडक्या उघडा.

चोक गरम होतो आणि त्याची वायर आखूड आहे, म्हणून पाचपैकी चार. पुढच्या आठवड्यात आणखी एक नळी आणायला जाणार आहे, कागदाचा तुकडा पर्समध्येच ठेवला आहे.