कुंडीतली स्ट्रॉबेरी आणि जीए: दापोलीतला एका हंगामाचा अनुभव

ऑक्टोबरात विंटर डॉन या जातीची स्ट्रॉबेरीची रोपं आणली. निम्म्या कुंड्यांवर जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे जीए, हे झाडाची वाढ लांबवणारं संप्रेरक फवारलं. बाकीच्या मुद्दाम तशाच ठेवल्या. मार्चअखेर हंगाम आटोपला. महाबळेश्वरची थंडी इथे नाही, पण डिसेंबर-जानेवारीतल्या दापोलीच्या रात्री रोपाला कळी धरायला पुरतात.

आधी मापाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. जीएची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही. १ ग्रॅम पावडर २० मिली स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि त्यातलं १ मिली एक लिटर पाण्यात टाकायचं, की ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) झालं. सिरिंजने मोजा, अंदाजाने नको. बाजारात मिळणाऱ्या तयार द्रावणाच्या बाटलीत जीएचं प्रमाण फार कमी असतं, तिथे हा हिशोब चालत नाही, लेबल वाचा. फवारा त्याच दिवशी वापरून टाका.

रोपं नीट रुजल्यावर, कळ्या दिसायच्या आधी, सकाळी एकच फवारणी दिली. फुलांचे देठ लांबले. हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. बिनफवारणीच्या कुंड्यांत फळं पानांखाली ओल्या मातीला टेकून बसली आणि इथल्या दमट हवेत त्यांना राखाडी बुरशी धरली. फवारलेल्या रोपांची फळं कुंडीच्या काठाबाहेर लोंबली, वाऱ्यावर कोरडी राहिली. फुलंही थोडी आधी आली. मात्र पानं फिकी पडली आणि धावते फुटवे (मातीवरून पसरून नवं रोप धरणारे लांब दोरे) खूप सुटले. ते दर आठवड्याला कापावेच लागतात, नाहीतर रोपाची ताकद तिकडेच जाते.

आकारात फरक पडला नाही. एक फळ हातात घेऊन पाहिलं: एक गाल छान फुगलेला, दुसरीकडे बारीक, पोचट बिया एकमेकींना खेटून बसलेल्या. स्ट्रॉबेरीचा गर फुगतो तो बियांमधून येणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकामुळे. परागकण पोचला नाही तर तिथली बी भरत नाही आणि गर आखडतो. त्यावर उपाय मऊ ब्रशचा. रोज सकाळी उमललेल्या फुलांवर गोल फिरवायचा. गोडीही जीएने वाढली नाही. फळ देठापर्यंत लाल होऊ दिलं आणि फेब्रुवारीपासून दुपारी हिरवी जाळी धरली, तेव्हा चव सुधारली.

आपल्याकडे हापूसवाल्यांच्या घरी कल्टार, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून द्यायचं औषध, असतंच, म्हणून कुणालाही वाटेल की फुटवे आवरायला तेच टाकावं. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल जीएच्या नेमकं उलट काम करतं, झाडात जिब्रेलिन (जीए ज्यातलं एक, ती संप्रेरकं) तयारच होऊ देत नाही. पण ते मातीत महिनोन्‌महिने राहतं. आंब्याला त्याची मात्रा झाडाच्या घेराप्रमाणे देतात. वीतभर कुंडीत, काही आठवड्यांत खायच्या फळाला ते अजिबात नको. मी वापरलं नाही, मुलं फळं तोडून तशीच तोंडात टाकतात.

येत्या ऑक्टोबरात सगळ्याच कुंड्यांना जीए देणार आहे, तेही एकदाच. दुसऱ्या फवारणीने फुटवेच जास्त येतील, आणि ते कापायला रोज वेळ कुठून आणायचा?