टिळकवाडीतलं सहा जणांचं छायाचित्र प्रदर्शन: फोटो दमदार, मांडणी कच्ची

सहा छायाचित्रकार, तीसेक फोटो, विषय बेळगाव आणि आसपास. टिळकवाडीतल्या छोट्या हॉलमधलं हे प्रदर्शन अर्ध्या तासात बघून होतं, पण वडगावच्या यंत्रमागांच्या पाच फोटोंपुढेच तेवढा वेळ द्यावा.

पाचही फोटो ट्यूबलाइटखाली काढलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची (पट्टीवरच्या जड लोखंडी डब्याची) ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अशा उजेडात मोबाइलने किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने सेकंदाच्या १/५०० ला फोटो घेतला की काळपट पट्टे उमटतात. इथे एकही पट्टा नाही. शटर १/५० च्या आसपास ठेवलेलं दिसतं. तेवढ्यात दोन लुकलुका पूर्ण मावतात, शिवाय पळत्या धोट्याची नुसती रेघ उमटलीय आणि ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) धागा न् धागा मोजता येतो. चालतं यंत्र दाखवायचं तर असंच. विणकराचा चेहरा फोकसबाहेर सोडून हात नेमके टिपलेत, तेही पटतं.

गर्दी मात्र गोकाकच्या धबधब्यापुढे, आणि तोच फोटो सगळ्यांत लेचापेचा. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी तांबूस, गढूळ येतं आणि सुमारे ५२ मीटरवरून कोसळतं. त्याची मजा त्या आडदांडपणात. इथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलंय, त्यामुळे पाण्याची दुधावरची साय झालीय. १/२५० ला उसळी दिसली असती. शिवाय कडेचे खडकही किंचित हललेत. झुलत्या पुलावरून घेतला असेल तर नवल नाही; तिथे कुणी चाललं तरी ट्रायपॉडसकट सगळं हलतं.

सौंदत्तीच्या यात्रेतल्या भंडाऱ्याचा क्षण उत्तम पकडलाय, पण पिवळा नुसता रंगाचा थापा झालाय, कण दिसत नाहीत. हळदीच्या रंगात लाल चॅनल आधी काठोकाठ भरतो आणि त्यातले बारकावे जातात; साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) तरीही ठीक दाखवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणलं असतं तर भंडारा वाचला असता.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जैन मंदिराचं, कमळ कोरलेलं छत मात्र अगदी मध्यावर बसलंय. १२०४ च्या सुमाराचं हे रट्ट राजांच्या काळातलं काम, आत उजेड कमी आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अशा वेळी कॅमेरा कमळाच्या बरोबर खाली जमिनीवर उताणा ठेवायचा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि दहा सेकंदांचा टायमर. हातात धरून असा फोटो येत नाही.

आता मांडणी. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर हवा. इथे दुसरी रांग गुडघ्याशी आहे. काचा साध्या, समोर पश्चिमेची खिडकी, त्यामुळे चारनंतर फोटोत स्वतःचंच तोंड दिसतं. सकाळी जा. दोन फ्रेममध्ये प्रिंट काचेला टेकून चिकटलीय. बेळगावच्या पावसात हे होणारच. मध्ये जाड माउंटबोर्ड (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा) घालून दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायला हवी होती. एका १२ बाय १८ इंची प्रिंटमध्ये आभाळाचे चौकोन दिसतात, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली असावी. या मापाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तिथे साध्या पाठवणीत लांब बाजू १६०० च्या आसपासच उरते.

फोटोंखालची नावं मराठी-कन्नड दोन्हीत आहेत, ते बरं केलंय. ‘जीवनसंघर्ष’ असली नावं टाळून जागा आणि महिना लिहिला असता तर अजून बरं.

अभिप्राय वहीत ‘अप्रतिम’, ‘खूप छान’ याची पानंच्या पानं. फोटोचा क्रमांक टाकून, नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडखळली एवढं दोन ओळींत लिहा. काढणाऱ्याच्या उपयोगी तेच पडतं. प्रिंट विकत घेणार असाल तर पिगमेंट शाईची (लवकर न विटणारी) आहे का ते विचारा आणि बिनफ्रेमची मागा, फ्रेम बाहेर नीट करून घेता येते.