अकरा महिने, सहा हजार गोळ्या : माझ्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचा अनुभव

२५ मीटर नेमबाजीसाठी घेतलेले .२२ लाँग रायफल काडतुसाचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मी गेले अकरा महिने वापरत आहे. या काळात त्यातून सहा हजारांहून थोड्या अधिक गोळ्या झाडल्या आणि प्रत्येक सरावाची नोंद वहीत ठेवली : काडतुसे किती व कोणत्या बॅचची, मॅगझिन (काडतुसे भरायची काढघाल करता येणारी पेटी) कोणते, आणि पिस्तूल कुठे अडले. पुढचा मजकूर त्या वहीवरूनच लिहिला आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण याच बांधणीची पिस्तुले तीन-चार कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना लागू पडते.

घडणीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. नळी चौकटीला घट्ट बसवलेली आहे, मागचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, तेवढा मागेपुढे होतो, आणि नेम धरण्याची पुढची माशी व मागची खाच दोन्ही न हलणाऱ्या भागावर असल्यामुळे नेम एकदा जुळवला की तो टिकतो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ मात्र माझ्या हाताला किंचित मोठी होती. अंगठ्याच्या खालचा भाग कानशीने थोडाथोडा घासण्यात आणि तळव्याकडची पोकळी लाकडाच्या लुकणाने भरण्यात तीन आठवडे गेले. हा पिस्तुलाचा दोष मानू नये. या खेळात मूठ स्वतःच्या हातानुसार घडवून घ्यावीच लागते.

ट्रिगरबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. २५ मीटरच्या स्पर्धांमध्ये .२२ पिस्तुलाच्या ट्रिगरची ओढ किमान १००० ग्रॅमची असावी लागते आणि त्याची तपासणी अगदी साधी असते : नळी सरळ वर धरून ट्रिगरला एक किलोचे वजन लावतात आणि ते जमिनीवरून उचलतात. वजन उचलले गेले तर पिस्तूल उत्तीर्ण, मध्येच ट्रिगर सुटला तर अनुत्तीर्ण. नवे असताना माझे पिस्तूल हे वजन सहज उचलत होते. चौथ्या महिन्यात स्पर्धेच्या आदल्या दिवशी सहज म्हणून तपासले, तर वजन वर येण्याआधीच ट्रिगर सुटला. आतील पृष्ठभाग वापराने घासून गुळगुळीत झाले होते आणि ओढ हलकी झाली होती. स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर काम झाले, पण ते तपासणीच्या टेबलावर लक्षात आले असते तर ती सकाळ कशी गेली असती याची कल्पनाच करवत नाही. तेव्हापासून दर महिन्याला वजन लावून पाहतो.

आता विश्वासार्हतेकडे येतो, कारण या पिस्तुलाविषयी सर्वाधिक मतभेद तिथेच आहेत. आमच्या रेंजवर हेच मॉडेल वापरणारे आणखी दोघे आहेत. एक जण बारा हजार गोळ्यांनंतरही समाधानी आहेत, दुसऱ्यांनी मात्र सहा महिन्यांत वैतागून ते विकायला काढले. पहिल्या दोन हजार गोळ्यांत माझे पिस्तूल एकेचाळीस वेळा अडले, त्यामुळे माझाही कल दुसऱ्या गृहस्थांच्या बाजूला झुकू लागला होता.

या पिस्तुलात बोल्टला कुलूप लावणारी यंत्रणा नसते. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग यांच्या जोरावरच तो बंद राहतो, आणि बारूद पेटल्यावर रिकामी पुंगळीच (काडतुसाचे धातूचे कवच) त्याला मागे ढकलते. साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या धक्क्याच्या हिशेबाने बोल्ट आणि स्प्रिंग यांचा तोल साधलेला असतो. काडतूस कमजोर निघाले, मळ साचला किंवा मनगट ढिले राहिले, की बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते. हे माहीत असल्यामुळे मी आधी काडतुसे बदलली, मग स्प्रिंग बदलली, मग स्वतःच्या मनगटाला दोष दिला. तिन्ही उपायांनी फरक पडला नाही.

पिस्तुलासोबत आलेल्या दोन मॅगझिनना वेगळी खूण करावी हे सुचायला मला तीन महिने लागले, हे कबूल करायला हवे. एकाच्या तळाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. पुढच्या सहाशे गोळ्यांत पंधरा वेळा पिस्तूल अडले आणि त्यांपैकी तेरा वेळा लाल ठिपक्याचे मॅगझिन लावलेले होते. कॅलिपरने दोन्हींचे वरचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वळवलेल्या कडा, मोजले, तर लालच्या ओठांमधले अंतर पाव मिलिमीटरने जास्त निघाले. तेवढ्याने काडतुसाचे नाक वर उचलले जात होते आणि ते चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या) तोंडाऐवजी त्याच्या वरच्या काठावर आपटत होते. अडकलेल्या प्रत्येक गोळीच्या शिशावर एकाच जागी चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. तो ओरखडा मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. विक्रेत्याला दोन पत्रे लिहिली, दोन्हींना ‘काडतुसे बदलून पाहा’ असेच उत्तर आले. तिसऱ्या पत्रासोबत कॅलिपरचे छायाचित्र जोडले, तेव्हा कुठे सहा आठवड्यांनी नवे मॅगझिन हाती पडले.

दरम्यान एक स्पर्धा त्या मॅगझिनने बिघडवली आणि थोडी मी. स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका १५०, २० आणि १० सेकंदांत झाडायच्या असतात. १० सेकंदांच्या मालिकेत तिसऱ्या गोळीनंतर चौथे काडतूस अडकले. अशा वेळी पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ आहे. तरीही सरावातल्या सवयीने बोल्ट मागे ओढला गेला. बिघाड खरा असूनही तो ग्राह्य धरला गेला नाही आणि उरलेल्या दोन गोळ्यांचे शून्य गुण मिळाले.

न पेटणाऱ्या काडतुसांचा हिशेब वेगळा ठेवावा, असे मी सुचवीन. .२२ मध्ये ठिणगीचे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि कधीकधी ते सगळीकडे सारखे पसरलेले नसते. अकरा महिन्यांत अशी नऊ काडतुसे निघाली. प्रत्येक वेळी नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस बाहेर काढून पाहिले. फायरिंग पिनची खूण नऊही ठिकाणी खोल आणि स्पष्ट होती, आणि थोडे फिरवून पुन्हा लावल्यावर सात काडतुसे नीट उडाली. याचा दोष पिस्तुलाच्या नावावर टाकणे अन्यायाचे होईल.

ज्यांनी पिस्तूल विकायला काढले होते, त्यांचे पिस्तूल एकदा त्यांच्यासमोरच उघडले. आत तेल इतके होते की गोळीवरचे मेण, काजळी आणि न जळालेली बारूद यांचा काळा चिखल झाला होता. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, नखाखाली तो दगडासारखा घट्ट बसला होता आणि दात कोरायच्या काडीने खरवडून काढावा लागला. ते दर रविवारी निष्ठेने तेल घालत, पुसत मात्र नव्हते. मी दर पाचशे गोळ्यांनंतर चेंबर, बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर कोरडे पुसतो, बोल्टच्या सरकत्या कडांना तेलाचा एकेक थेंब लावतो आणि शिसे लागलेले हात थंड पाण्याने व साबणाने धुतो. नळीला फार छेडत नाही.

झिजेबद्दल थोडक्यात : बोल्टचा धक्का झेलणारा बफर पाच हजारांनंतर चिरलेला दिसला म्हणून बदलला, मुठीचा स्क्रू दर दोन-तीन सरावांनंतर ढिला होतो, बाकी काही नाही. नवे मॅगझिन आल्यापासून सुमारे पंधराशे गोळ्या झाडल्या आहेत. त्यांत पिस्तूल तीन वेळा थांबले : दोनदा काडतूस पेटले नाही, आणि एकदा घाईत मॅगझिन मीच पूर्ण आत ढकलले नव्हते.