सिंगल-स्टेज की प्रोग्रेसिव्ह : घरी काडतुसे भरण्याच्या साधनांचा तुलनात्मक आढावा

वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवून त्या घरीच पुन्हा भरायच्या, असे एकदा ठरले की पहिला प्रश्न प्रेसचा, म्हणजे हँडल खेचून पुंगळीवरची ही कामे करणाऱ्या यंत्राचा, येतो आणि बाकीची बहुतेक खरेदी त्या एका उत्तरावर अवलंबून राहते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीचा छंद मनापासून जोपासणाऱ्या काही मराठी मित्रांनी हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत विचारला आहे. प्रत्येकाला वेगवेगळे तुटक उत्तर देण्यापेक्षा मी स्वतः ही निवड कशी केली, कोठे चुकलो आणि आज कोणती साधने माझ्या हाताशी रोज असतात, हे सविस्तर लिहावे असे वाटले. पुंगळीचा आकार पूर्ववत करणे, प्रायमर (आघाताने ठिणगी देणारी तळाची टोपी) बसवणे, पावडर (दारू) घालणे आणि गोळी बसवणे हे टप्पे वाचकाला माहीत आहेत असे मी धरून चालतो.

आरंभी कायद्याविषयी चार वाक्ये लिहिणे आवश्यक आहे. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा आढावा तेथील वाचकांसाठी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. ती विकण्याचा व्यवसाय करायचा असेल तर लागतो. मात्र एच-1बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याचीच मनाई आहे, आणि ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मी स्वतः ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत या वाटेला गेलो नाही. राज्यांचे नियम याहून निराळे असू शकतात, ते ज्याने त्याने पाहून घ्यावेत.

मी ओहायोत राहतो आणि दोनच प्रकारची काडतुसे भरतो : रिव्हॉल्व्हरसाठी .38 स्पेशल आणि रायफलसाठी .308 विंचेस्टर. पहिले महिन्याला दोनशेच्या आसपास लागते, दुसरे चाळीस-पन्नास. माझी मते या प्रमाणात तयार झालेली आहेत. दर आठवड्याला स्पर्धेत उतरून पाचशे गोळ्या झाडणाऱ्याचे गणित वेगळे असेल, हे मी आधीच मान्य करतो.

सिंगल-स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीवर एखादे ठरावीक काम करणारा साचा, बसते. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या, त्या सगळ्यांवर एक काम उरकायचे, मग डाय बदलून पुढचे काम करायचे. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये सर्व डाय एकाच वेळी बसवलेल्या असतात, खालची थाळी फिरत राहते आणि थाळी एकदा भरली की हँडलच्या प्रत्येक खेचीसरशी एक तयार काडतूस बाहेर पडते. माझ्या हाताने सिंगल-स्टेजवर तासाला साधारण साठ काडतुसे होत असत, प्रोग्रेसिव्हवर अडीचशे ते तीनशे. हा फरक लहान नाही आणि तो नाकारण्याचा माझा हेतूही नाही. तीनशे काडतुसे भरण्यासाठी पाच तास तळघरात बसणे आणि एका तासात काम आटोपून मुलांबरोबर जेवायला वर येणे, या दोहोंत कोणीही दुसरेच निवडेल. मीही तेच निवडले होते, आणि आठ महिने त्या यंत्रावर समाधानाने काम केले.

ज्या प्रसंगाने माझे मत फिरले तो घडला फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी. .38 स्पेशल भरत असताना एक प्रायमर तिरका शिरला आणि हँडल अर्ध्यावर अडकले. मी थाळी थोडी मागे घेतली, ती पुंगळी काढली, प्रायमरची वाट मोकळी केली, दुसरी पुंगळी ठेवली आणि हँडल पुन्हा खेचले. सारे सुरळीत चालू झाले. दहाएक काडतुसे पुढे गेल्यावर मनात शंका आली की यंत्र अडकले त्या क्षणी पावडरच्या टप्प्यावर जी पुंगळी उभी होती, तिच्यात पावडर एकदा पडली, दोनदा पडली, की पडलीच नाही? मला आठवेना. पेटीत तोपर्यंत चौसष्ट काडतुसे जमली होती आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसत होती.

हा प्रश्न किती गंभीर आहे ते .38 स्पेशलच्या इतिहासावरून कळते. हे काडतूस काळ्या दारूच्या जमान्याच्या अखेरीस आकाराला आले, त्यामुळे त्याची पुंगळी मोठी आहे आणि आजच्या बिनधुराच्या पावडरीचे माप तिच्या तळाशी जेमतेम दिसते. दुप्पट पावडर पडली तरी ती ओसंडून बाहेर येत नाही. गोळी नेहमीसारखी बसते आणि काही वावगे झाल्याचे कळतही नाही. उलट .308 मध्ये नेहमीचे पूर्ण माप घेतले की पुंगळी बहुतांशी भरते, दुसऱ्यांदा पडलेली पावडर थेट टेबलावर सांडते आणि चूक आपोआप उघड होते. पावडर मुळीच नसलेले काडतूसही तितकेच घातक असते, कारण केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते आणि ते लक्षात न आल्यास मागून सुटलेली पुढची गोळी नळी फुगवते किंवा फोडते.

तयार काडतुसे एकेक करून तोलावीत, म्हणजे चुकीचे काडतूस सापडेल, असे मला प्रथम वाटले होते. परंतु वेगवेगळ्या उत्पादकांच्या पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे अगदी लहान एकक) फरक असतो, आणि पावडरचे मुळातले माप इतके लहान की ते त्या फरकात हरवून जाते. शेवटी हातोडीसारखे जे गोळी-काढणी साधन असते ते घेऊन मी ती चौसष्ट काडतुसे एकामागून एक ठोकून उघडली. त्यात संध्याकाळ गेली. त्रेसष्टांत पावडर बरोबर होती आणि एक रिकामे निघाले. ते एक काडतूस हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो होतो, हे येथे लिहावेसे वाटते.

प्रोग्रेसिव्हच्या बाजूने बोलणारे जाणकार यावर जे सांगतात त्यात तथ्य आहे. यंत्र अडकले की थाळीवरच्या सर्व पुंगळ्या काढून बाजूला ठेवाव्यात आणि नव्याने सुरुवात करावी, हा साधा नियम मी पाळला नव्हता. पाच टप्प्यांच्या यंत्रावर पावडरची पातळी तपासणारी डाय बसवता येते. डिलनच्या 750 या यंत्रात तशी जागा आहे, तर त्याच कंपनीच्या 550 मध्ये चारच टप्पे असल्याने ती अडचण राहते. शिवाय 550 ची थाळी हाताने फिरवावी लागते आणि 750 ची आपोआप फिरते, यावरूनही दोन तट आहेत : हाताने फिरवण्याचा विसर पडला तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडू शकते, तर आपोआप फिरणारी थाळी मधेच थांबवून मागे घेतली की हिशेब बिघडतो. कसलेला माणूस दोन्ही सांभाळू शकत असेल. मला मात्र असे वाटते की दिवसभराच्या नोकरीनंतर तळघरात उतरणाऱ्या माणसाने चार-पाच पुंगळ्यांची चार-पाच वेगवेगळी अवस्था सतत ध्यानात ठेवावी, ही अपेक्षाच थोडी जास्त आहे.

सिंगल-स्टेजवर हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, आणि त्याचे श्रेय प्रेसपेक्षा भोके पाडलेल्या एका लाकडी ठोकळ्याला आहे. पन्नास पुंगळ्या त्यात उभ्या असतात, सर्वांत पावडर घालून झाली की मी बॅटरीचा झोत तिरका धरून रांगेमागून रांग पाहतो. एखादीत पावडर कमी किंवा जास्त असेल तर शेजारणींच्या मानाने ती लगेच डोळ्यात भरते. सबंध ठोकळा नजरेखालून गेल्याशिवाय एकही गोळी बसवायची नाही, एवढाच नियम. माझ्याकडच्या सर्व साधनांत सर्वांत उपयोगी कोणते असे विचारले तर मी या ठोकळ्याकडे बोट दाखवीन, आणि तो तर मी स्वतः ड्रिल मशीन घेऊन पडीक लाकडातून तयार केलेला आहे.

या दोहोंच्या मध्ये टरेट प्रेस आहे. तिच्या फिरत्या डोक्यावर सर्व डाय कायम बसलेल्या राहतात, पण काम एका वेळी एकाच पुंगळीवर चालते. ज्यांना डाय बदलण्याचा कंटाळा आहे आणि प्रोग्रेसिव्हचा धाकही वाटतो, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. मी ती मित्राकडे दोनदा वापरली आणि मला ती आवडली, तरी ठोकळ्यातल्या पन्नास पुंगळ्या एकत्र पाहण्याची सवय तिच्यावर मोडते, एवढी एक खंत राहिली.

वजनकाट्याच्या बाबतीत माझे मत लहानपणापासून घडलेले आहे, त्यामुळे ते थोडे पक्षपाती असू शकेल. जळगावला मामांची सराफीची पेढी होती आणि सोने तोलताना पंखा बंद करण्याची शिस्त मी तेथे पाहिली. काडतुसाच्या कामात वापरला जाणारा ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम, आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक, आणि येथे त्याचाही दहावा भाग मोजावा लागतो. मी प्रथम स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक मापक घेतला, जो आकडा दाबला की तेवढी पावडर स्वतः ओततो. तो वेगवान आहे आणि रायफलसाठी एकसारखे माप काढण्यात मोठी सोय आहे. परंतु माझ्या तळघरात हीटिंगची झडप टेबलाच्या वरच आहे. हिवाळ्यात भट्टी सुरू झाली की काट्याचे शून्य हळूहळू सरकायचे, कधी दोन दशांश, कधी तीन, आणि पडद्यावर मात्र सर्व ठीक असल्याचे दिसायचे. प्रमाण वजन ठेवून तपासले की चूक कळत असे, म्हणून मी दर पाच मापांनी तपासू लागलो आणि मग वेग उरलाच नाही.

आता माझ्याकडे चुंबकाने दांडी स्थिर करणारा साधा दांडीचा काटा आहे. वारा लागला तर दांडी हलताना दिसते. काटा विश्वास ठेवण्याच्या स्थितीत नाही हे तो स्वतःच सांगतो. .38 साठी मी आकारमानाने माप टाकणारे फिरत्या दांड्याचे यंत्र वापरतो आणि दर दहावे माप काट्यावर ठेवतो. ज्यांची खोली निवांत आहे त्यांना इलेक्ट्रॉनिक काटा बराच अनुकूल ठरू शकेल. तरीही प्रमाण वजनांचा संच घेतल्यावाचून कोणताही काटा घेऊ नये, असे मी सुचवीन.

प्रायमर बसवण्याचे हाताचे साधन मात्र मी निःसंकोच सुचवतो. प्रायमर तळाशी टेकल्याचे अंगठ्याला जसे कळते तसे प्रेसच्या लांब हँडलवर कळत नाही, आणि सैल झालेली पुंगळी तेथेच हेरता येते. 2020 नंतर प्रायमर मिळेनासे झाले होते तेव्हा एकही वाया न जाणे ही मोठी गोष्ट होती. डायल कॅलिपर (लांबी अचूक मोजण्याचे साधन) आणि गोळी काढण्याची ती हातोडी ही दोन साधनेही पहिल्या दिवसापासून हवीत. हातोडी लागणार नाही असे ज्याला वाटते त्याने ती जरूर घ्यावी.

सर्वांत कमी उपयोगी ठरले ते पोलादी पिनांचे ओले टंबलर, म्हणजे पुंगळ्या घोळवून स्वच्छ करणारे यंत्र. त्यातून पुंगळ्या आतून-बाहेरून नव्यासारख्या लखलखीत निघतात हे खरे आहे, पण पिना पुंगळ्यांच्या आत अडकतात, सर्व पितळ वाळवत ठेवावे लागते आणि उरलेल्या शिसेयुक्त पाण्याचे करायचे काय, हा प्रश्न राहतो. माझ्या लक्ष्यपत्रावर त्या चकाकीने काहीही बदलले नाही. मक्याच्या कणसाचा भुसा घालून थरथरणारे कोरडे टंबलर एवढ्या कामाला पुरते. फक्त त्याच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते, म्हणून ते गॅरेजबाहेर चालवावे, धूळ बसेपर्यंत झाकण उघडू नये, लहान मुलांना त्या कोपऱ्यात येऊ देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

विजेवर चालणारे पुंगळी-कापणी यंत्र दुसऱ्या क्रमांकावर येईल. .308 ची पुंगळी झाडताना लांबते, कमाल 2.015 इंचांपलीकडे गेली की ती 2.005 पर्यंत कापावी लागते. महिन्याकाठी चाळीस पुंगळ्यांना हाताने फिरवायचे यंत्र पुरेसे होते. .38 ला तर कापणीची गरज जवळपास पडतच नाही.

आज माझ्या टेबलावर जुन्या वस्तूंच्या विक्रीत मिळालेली बिडाची सिंगल-स्टेज प्रेस आहे. डायच्या आट्यांचे माप बहुतेक कंपन्यांत एकच, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला 14 आटे, असल्याने प्रोग्रेसिव्हवरच्या माझ्या डाय तिच्यात तशाच बसल्या. प्रोग्रेसिव्ह मी विकलेली नाही. जुने प्रायमर काढणे आणि पुंगळ्यांचा आकार पूर्ववत करणे ही पावडरविरहित कामे ती आजही झपाट्याने करून देते. जे तिच्याकडे ओढले गेले आहेत त्यांना मी एवढीच विनंती करीन, की खरेदीपूर्वी ओळखीच्या एखाद्या अनुभवी माणसाच्या टेबलाशी एक संध्याकाळ बसावे, काम रंगात आले असताना त्याला हँडल अर्ध्यावर थांबवायला सांगावे आणि थाळीवरच्या प्रत्येक पुंगळीत या क्षणी काय आहे, ते न डोकावता त्याला व स्वतःला विचारून पाहावे.